एका रात्रीचं कुलूप

“माणसां तीन, आणि डबे बघा किती! डब्यांका काय पोरां होतत?”

परबकाकी माझ्या पाठीशी, अगदी कानाजवळ पुटपुटल्या. मला ऐकू यावं म्हणून नाही आणि येऊ नये म्हणूनही नाही. मी ओट्याखाली वाकून डबे ओढत होते, त्या माझ्या डोक्यावरच्या फळीवरचे उतरवत होत्या. घर त्यांचं, डबे माझे.

“काकी, ते राहू द्या. तुमचा खांदा दुखतो ना?”

“खांदो माझो आसा. दुखांदे.”

दर अकरा महिन्यांनी आमच्याकडे हे चालतं. आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा. तो संपला की पुढचा होतो, पण मध्ये एक रात्र घर रिकामं करायचं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं. पलंगापासून पोळपाटापर्यंत सगळं पॅसेजमध्ये, गच्चीच्या जिन्यात, समोरच्या रश्मीच्या गॅलरीत. भिजवलेली कणीक आणि फ्रीजमधले बोंबील रश्मीच्या फ्रीजमध्ये. आम्ही तिघं घाटकोपरला दिरांकडे. आणि काकी आपल्या मुलाच्या घरून, बोरिवलीहून इथे कांजूरला येणार, आतून कडी लावणार, कडीला स्वतःचं पितळी कुलूप घालणार आणि उघड्या फरशीवर चटई टाकून एकट्या झोपणार. सकाळी कुलूप निघालं की आम्ही पुन्हा पोळपाटापासून पलंगापर्यंत आत.

कारण काय, तर भाडोत्री सलग राहिला की त्याचा घरावर हक्क लागतो म्हणे. एक रात्र मालकाने ताबा घेतला की तो तुटतो. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं, मुंबईत असंच असेल. मुंबईबद्दल माणूस काहीही खरं मानतो. दुसऱ्या वेळी सवय झाली. तिसऱ्या वेळी तर शेजारणींनी आपणहून चहा आणला. कुणाच्या घरी सत्यनारायण असतो, आमच्याकडे हे.

पण ही खेप निराळी होती, आणि ते घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

एरवी नवा करार आधी व्हायचा. विकी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन यायचा, आमचे फोटो काढायचा आणि मगच ती रात्र. ह्या वेळी जुना संपून गेला तरी विकी फोनवर नुसतं “करू ना ताई, टेन्शन कशाला घेता?” एवढंच. माणूस टेन्शन घेऊ नका म्हणाला की मी घेतेच. त्यात गेल्या आठवड्यात काकींचा सौरभ दोन माणसांना घेऊन आला. खिडक्यांना रंग द्यायचाय, बघून जातो म्हणाला. त्यातल्या एकाने पूर्व कुठली ते विचारलं, दुसऱ्याने लिफ्ट किती जुनी ते. रंगाऱ्याला पूर्व कशाला लागते?

“अहो, हे घर विकतायत,” मी त्या संध्याकाळी रतनला म्हटलं.

“बघू,” रतन म्हणाले. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांना फोनवर शांतपणे सांगतात, घाबरू नका, दारापासून लांब उभे राहा. घरीही त्यांचं तेवढंच असतं.

“बघू काय? सामान बाहेर गेलं आणि सकाळी कुलूप निघालंच नाही तर?”

“काकी तशा नाहीत.”

“काकी नसतील. सौरभ?”

आतल्या खोलीत ऋतिका मोठ्याने रसायनशास्त्र पाठ करत होती. तिची बारावी. डिसेंबर चालू होता, फेब्रुवारीत परीक्षा. ती पुस्तकं उचलून कुठे नेऊ? दिरांच्या घरात सहा माणसं आहेत, त्यात आम्ही एक रात्र मावतो, कारण ती एकच रात्र असते.

आणि नवं घर शोधायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आधी विचारतात माणसं किती. मग व्हेज का नॉनव्हेज. मग आडनाव. आम्ही वाशीमकडचे, बौद्ध. आडनाव सांगितलं की ते घर नेमकं कालच गेलेलं असतं. इतकी घरं काल गेलेली मी पाहिलीत. परबकाकींनी मात्र आडनाव विचारलंच नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांचा एकच प्रश्न होता, “मासे खातास मा?” आम्ही खातो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. “बरा झाला. माझ्या घरात मासो शिजाक होयो. आधीचे होते त्यांनी वासाची ओरड करून माझी चूल बाटवलेली.” भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला तेव्हा खिळा कुठे मारायचा तेही त्यांनीच दाखवलं. तिथे पूर्वी त्यांच्या यजमानांचा होता. खिळा ठोकायला भिंत तिथेच मऊ आहे म्हणे.

अशा बाईशी भांडायचं कसं? पण मुलगी माझी.

मी नववीत शाळा सोडलेली. तेव्हापासून जे कळलं ते विचारून विचारून. आमच्या विहारात रविवारी एक वकीलबाई बसतात, सल्ल्याचे काही घेत नाहीत. रतनला न सांगता मी तिकडे गेले. बाईंनी आधी माझा उत्साहच घालवला.

“मुदत संपली की घर परत द्यायचं, हे पक्कं धरून चला. तिथे तुमचं काही चालणार नाही. अडून बसलात तर मालक सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करेल आणि दुप्पट भाड्याची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते.”

“म्हणजे आम्हाला हक्कच नाही?”

“आहे ना. तो आदेश येईपर्यंत तुम्हाला कुणी जबरदस्तीने काढू शकत नाही. कुलूप घालायचं नाही, पाणी-लाइट तोडायचं नाही, सामान फेकायचं नाही. मात्र तुम्ही स्वतःच सामान काढून दिलंत, चावी दिलीत, तर ताबा तुम्हीच सोडला असं होतं.”

मग मी त्या एका रात्रीचं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग मी हसत नाही बघून थांबल्या.

“असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही. अकरा महिने काय, अशा करारावर अकरा वर्षं राहिलात तरी तुम्ही मालक होत नाही. कुणी सांगितलं हे?”

“एजंटने असेल.”

“एजंट!” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला खुणेने बोलावलं.

तर असा माझा हक्क. मोठा नव्हता, पण पोरीची परीक्षा होईपर्यंत पुरला असता. तो मनात धरून मी आठवडाभर भांडण पाठ करत होते. ऋतिका आत रसायन, मी बाहेर हे.

आणि तरी सकाळी विकी काकींना घेऊन आला तेव्हा मी मुकाट्याने डबे काढायला लागले. बोलायचं धैर्यच होईना. विकीने काकींची बॅग दारात आदळली आणि कंबर धरली.

“काकी, एका रात्रीला दगड आणलेत काय बॅगेत?”

“तुझ्या तोंडावर मारूक,” काकी म्हणाल्या.

पलंग सुटला. कपाटाचे कप्पे रश्मीकडे गेले. डबे पॅसेजमध्ये ओळीने उभे राहिले, माझ्याकडे बघत. मग विकी स्वयंपाकघरात आला आणि शेगडीजवळ वाकला.

“ताई, सिलिंडर काढतो.”

मला काय झालं कोण जाणे. मी पुढे होऊन शेगडी पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं.

“सिलिंडर राहू दे विकी. आम्ही ह्या वेळी बाहेर जाणार नाही.”

रतन गादी खांद्यावर घेऊन दारात थबकले होते.

“म्हणजे गो?” काकींनी विचारलं.

“म्हणजे नवा करार होईपर्यंत आम्ही इथेच आहोत काकी. घर तुमचं, तुम्ही मागा, आम्ही देऊ. पण रीतसर मागा. मुदत द्या. असं एका रात्रीसाठी बाहेर काढून सकाळी कुलूप तसंच राहिलं तर मी पोरीला घेऊन कुठे जाऊ?”

“ताई, अहो, रूल आहे तो,” विकी म्हणाला.

“कुठला रूल? कुठे लिहिलाय? मी वकिलाला विचारून आलेय. असला काही रूल नाही. आम्हाला चार-चार वेळा पॅसेजमध्ये उभं केलंस तू!”

“मी?” विकीने छातीवर हात ठेवला. “आईशप्पथ ताई, मी कधी सांगितलं? मला काय वेड लागलंय? माझा दिवस फुकट जातो तुमचे पलंग उचलण्यात. बाकी कुणाकडेच करत नाही मी हे. पहिल्या वर्षी काकी म्हणाल्या, रात्रभर घर रिकामं पाहिजे. मला वाटलं, त्यांना कुणी वकिलाने सांगितलं असेल.”

आम्ही सगळे काकींकडे बघायला लागलो. काकी चहाच्या पातेल्याकडे बघत होत्या.

“साखर घातलंस?”

“साखर पॅसेजमध्ये आहे,” मी म्हटलं.

“मग आण.”

“काकी, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कोणी सांगूक कित्याक होया?” त्या एकदम उसळल्या. “माका म्हायत नाय? परळाक आमी भाड्यानच ऱ्हवलेलाव! मालक मेलो, त्येचो झील म्हातारो झालो, पण आमी हललाव नाय. भाडोत्री कसो बसता ता माका शिकवतंस?”

“काकी, तो पागडीचा जमाना,” विकी हळूच म्हणाला. “हे लिव्ह-लायसन्स, ह्यात मुदत संपली की हक्क संपला. सौरभदादाला पण माहितीये.”

“तू गप ऱ्हव. पलंग उचल.”

पण पलंग कुणी उचलला नाही. रतननी खांद्यावरची गादी दारातच खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी बाजू घेतली, आणि तीही बसून.

सौरभ आला तेव्हा आम्ही सगळे बिनसाखरेचा चहा घेत होतो. त्याला पॅसेजमधल्या डब्यांतून वाट काढत यावं लागलं. मी आठवडाभर पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. सक्षम अधिकारी, आदेश, पाणी, लाइट, काही सोडलं नाही. तो ऐकत राहिला. मग त्याने डबा उलटा केला, त्याच्यावर बसला आणि कपाळ पुसलं.

“वहिनी, तुम्हाला असं वाटलं की मी कुलूप लावून पळून जाईन?”

“मग रंगारी पूर्व का विचारत होता?”

सौरभ हसला. खरंच हसला, लाजल्यासारखा.

“चुकलं माझं. विकायचंय घर. आईला म्हटलं होतं तुम्हाला सांग, आई म्हणाली तूच सांग. माझी बायको म्हणाली बायकांनी बायकांशी बोलावं. असं करत करत कुणीच बोललं नाही. ते लोक मे महिन्यात घेणारेत, त्यांना घाई नाही. तुम्ही तोवर राहा ना. ऋतिकाची परीक्षा आहे एवढं मला कळतं. माझीही पोरगी दहावीला आहे.”

“लिहून द्याल?”

“आत्ता. विकी, मशीन आणलंस ना? मेअखेरपर्यंतचं कर.”

इतकंच होतं. आठवडाभर मी रात्री जागून जे युद्ध लढत होते ते उलट्या डब्यावर बसून संपलं. मी ओट्याला टेकले. आतल्या खोलीतून ऋतिकाचा आवाज आला, “मम्मी, म्हणजे माझं टेबल बाहेर न्यायचं नाही ना?”

“नाही गं.”

“थँक गॉड! मी आत्ताच अनुक्रमांक लावून पुस्तकं मांडली होती.”

रश्मी बोंबील परत घेऊन आली. तिला सगळं पॅसेजपलीकडून ऐकू गेलं होतं, पण तिने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. रतन आणि सौरभने मिळून पलंग आत घेतला. सौरभ रतनना सांगत होता, “बोरिवलीला एक मोठा फ्लॅट बघितलाय, तीन बेडरूमचा. आईला स्वतःची खोली होईल. आत्ता हॉलमध्ये झोपते ना ती. माझे कॉल चालतात, पोरांची मॅच चालते, ती बिचारी बसल्या बसल्या पेंगते. हे विकून ते होईल. तिच्यासाठीच चाललंय सगळं.”

“हो ना,” रतन म्हणाले. “चांगलं आहे.”

काकी खिडकीपाशी उभ्या होत्या. डम्पिंग ग्राउंडकडून कचऱ्याच्या वासाचा वारा आला की आम्ही ती खिडकी लावून घेतो. वारा होता, पण त्यांनी लावली नाही.

विकीने स्टुलावर मशीन मांडलं. रतनचा अंगठा उठला, माझा उठला.

“काकी, या. अंगठा.”

काकींनी हात पदराखाली घेतले.

“माझो अंगठो उठणा नाय. भांडी घासून झिजलो.”

“आई, गेल्या महिन्यात बँकेत उठला की,” सौरभ म्हणाला.

“थंय उठलो. हय उठणा नाय.”

“ठेवून तर बघा काकी,” विकी म्हणाला. “तेल लावू का जरा?”

तेलाची बरणी आणायला मी दाराकडे गेले. काकींची बॅग अजून वाटेतच होती. बाजूला सारायला उचलली तर खरंच दगडासारखी जड. चेन पूर्ण लागलेली नव्हती, मी उघडून आत पाहिलं. वर टॉवेलात गुंडाळलेला फोटो, त्यातून परबकाकांची टोपी दिसत होती. खाली कुकर. कुळथाच्या पिठीची पिशवी. महिनोन्‌महिने पुरतील एवढ्या गोळ्यांची पाकिटं. आणि सगळ्यात तळाशी वरवंटा. विकीने म्हटलेला दगड.

एका रात्रीला कुणी वरवंटा आणत नाही.

मी चेन लावली. तिथेच उकिडवी बसून राहिले. चार वेळा ह्या बाईने आम्हाला घराबाहेर काढलं होतं, आणि आम्ही दिरांच्या घरी दाटीवाटीने पडून म्हणायचो, म्हातारी काय संशयी आहे. इकडे म्हातारी आतून कुलूप घालून आपल्या फरशीवर झोपत होती. तिथे टीव्ही नव्हता, कॉल नव्हते, सगळे झोपण्याची वाट बघायला नको होती. वर्षातून एकदा, कायद्याचं नाव सांगून. आणि आज मी वकिलाला विचारून येऊन तो कायदाच खोटा ठरवला होता.

कुणाला दोष द्यावा असं त्यात काहीच नव्हतं. सौरभ चांगला मुलगा आहे. घर विकून तो आईला खोली देणार होता. पण आईकडे खोली होती. हीच.

ऋतिका बाहेर आली. तिला बॅगेचं काही माहीत नव्हतं.

“आजी, आज कुठे झोपणार तुम्ही? आमचं तर सगळं आत आलं. माझ्या खोलीत या ना. फक्त माझा दिवा चालू असतो, चालेल?”

“चलात,” काकी म्हणाल्या. “माका दिव्याचो त्रास नाय.” मग थोड्या वेळाने, “वाचतंस ता मोठ्यान वाच. झोप बरी लागता.”

“आई, आधी अंगठा दे, मग काय ते झोपणं ठरवा,” सौरभ घड्याळाकडे बघत म्हणाला. “सकाळी मी न्यायला येतोच.”

काकी हलल्या नाहीत. विकीने मशीन त्यांच्याजवळ सरकवलं, त्यांनी ते नजरेनेच परत ढकललं.

मे महिन्यात आम्हाला जायचंच होतं, विकलं तर नव्या मालकासाठी, नाही विकलं तर काकींसाठी. मला हवी होती ती मुदत मिळाली होती. पोटभर जेवल्यावर माणूस दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघतो, तसं माझं झालं होतं. मी ती बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिले.

“काकी, ही कुठे ठेवू? दारात की कपाटात?”

“दारात असू दे वहिनी,” सौरभ म्हणाला. “सकाळी न्यायचीच आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं नाही. काकींकडे बघत राहिले. हात भरून आले होते, पण मी बॅग खाली ठेवली नाही. काकींनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी पदराखालून हात बाहेर काढले.

“कपाटात ठेव गो विमल. खालच्या कप्प्यात. वरवंटो आसा त्येच्यात.”

मग त्या सौरभसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची पलंगाची धूळ झटकली.

“माका एक रात नको, झिला. माका हयच ऱ्हवाचा आसा.”